कर्णबधिर मुलांना रोजचे आवाज ओळखायला कसे शिकवावे?

वस्तीत शिबिर होते, मुलांना श्रवणयंत्रे मिळतात, फोटो निघतात. दोन-तीन महिन्यांनी त्याच घरी गेलो तर यंत्र कपाटात किंवा ट्रंकेत ठेवलेले दिसते. आई सांगते, "लावले की रडतो, काढून टाकतो. त्याला काही उपयोग होत नाही." सामाजिक काम करणाऱ्या बहुतेक तरुणांनी हे पाहिले असेल. दोष बहुधा मुलाचा नसतो आणि आईचाही नसतो. यंत्र दिल्यानंतर काय करायचे, हे त्या घराला कोणी सांगितलेलेच नसते.

चष्मा लावला की लगेच स्पष्ट दिसू लागते. श्रवणयंत्राचे तसे नाही. ज्या मुलाने जन्मापासून आवाज नीट ऐकलेला नाही, त्याला यंत्र लावल्यावर पंखा, भांडी, रस्ता, माणसे असा सगळा गोंगाट एकदम ऐकू येतो. त्यातला कोणता आवाज कशाचा, हे त्याला माहीत नसते. आवाज कानात पोचवणे हे यंत्राचे काम आहे. त्या आवाजाचा अर्थ घरातल्या माणसांनी शिकवायचा असतो. तो कसा शिकवायचा, याची प्राथमिक माहिती या लेखात आहे.

ऐकू कमी येणे म्हणजे काय?

"कर्णबधिर" हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण प्रत्येक मुलाचे ऐकणे वेगळे असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्ट्यातील ७० डेसिबल श्रवणऱ्हास असेल तर ती व्यक्ती बधिर मानली जाते. ६० ते ७० डेसिबल असेल तर तिला "ऐकू कमी येणारी" म्हटले जाते. साधे बोलणे साधारण ६० डेसिबलचे आणि कुजबुज ३० डेसिबलच्या आसपास असते. कायद्याच्या व्याख्येत न बसणारी, पण वर्गात मागच्या बाकावर बसून निम्मे शब्द हुकणारी मुलेही पुष्कळ आहेत.

दुसरी गोष्ट आवाजाच्या पट्टीची. ढोल, ट्रकचे इंजिन, दार आपटणे हे खालच्या पट्टीचे आवाज आहेत. स, श, फ ही अक्षरे, पक्ष्यांचा चिवचिवाट, फोडणीचा चर्र हे वरच्या पट्टीचे. अनेक मुलांना खालची पट्टी थोडीफार ऐकू येते, वरची येत नाही. असे मूल दार आपटले की वळून पाहते आणि हाक मारली की पाहत नाही. मग घरचे म्हणतात, "याला सगळे ऐकू येते, मुद्दाम लक्ष देत नाही." या गैरसमजात काही मुलांची दोन-तीन वर्षे जातात.

मराठीत याचा एक खास तोटा होतो. "तो जेवला" आणि "तू जेवलास" या दोन वाक्यांत "स" किती महत्त्वाचा आहे पाहा. वरच्या पट्टीतला "स" ऐकू आला नाही, तर आई आपल्याशी बोलते आहे की दुसऱ्या कोणाबद्दल, याचा एक मोठा दुवा हातातून निसटतो.

"मुकबधिर" हा शब्द मात्र सोडून द्यावा. बहुतेक कर्णबधिर मुलांच्या गळ्यात किंवा जिभेत काही दोष नसतो. भाषा ऐकली नाही म्हणून बोलणे आले नाही, एवढेच.

उशीर का करू नये?

भाषा शिकण्यासाठी मेंदू पहिल्या तीन-चार वर्षांत सर्वांत जास्त तयार असतो. म्हणून जगभर १-३-६ हा नियम सांगितला जातो: पहिल्या महिन्याच्या आत श्रवण तपासणी, तिसऱ्या महिन्याच्या आत निदान, सहाव्या महिन्याच्या आत उपचार आणि प्रशिक्षणाची सुरुवात. तान्ह्या बाळाची "ओएई" तपासणी काही मिनिटांत होते आणि दुखत नाही. शंका आली तर "बेरा" तपासणी करतात. तिच्यात झोपलेल्या बाळाच्या डोक्याला तारा चिकटवून आवाजाला मेंदूकडून येणारा प्रतिसाद मोजला जातो. मागे उभे राहून टाळी वाजवणे ही तपासणी नव्हे. बाळ सावली किंवा वाऱ्याच्या झोतामुळेही वळून बघते.

मूल चार-पाच वर्षांचे झाले असेल, तरी काम सोडू नये. अशा मुलांना वेळ जास्त लागतो आणि खुणांच्या भाषेची गरज अधिक असते. पण कुकरची शिट्टी, शाळेची घंटा, स्वतःचे नाव हे ती शिकू शकतात.

आधी यंत्र चालू आहे का ते पाहा

बंद यंत्र कानात असले तर ते कानात बोळा घातल्यासारखेच. रोज सकाळी पाच मिनिटे पुढील गोष्टी पाहाव्यात.

- सेल संपला आहे का? साध्या यंत्रांचे छोटे सेल साधारण एक-दोन आठवडे टिकतात. नव्या सेलवरचा स्टिकर काढल्यावर एक मिनिट थांबून मग सेल बसवावा. रात्री सेलचे दार उघडे ठेवावे.
- कानातला मोल्ड स्वच्छ आहे का, त्याच्या छिद्रात मळ अडकला आहे का?
- यंत्र सतत शिट्टी वाजवते का? तसे असेल तर मोल्ड सैल झाला आहे. लहान मुलांचे कान वाढत असतात, त्यामुळे मोल्ड दर काही महिन्यांनी बदलावा लागतो. शिट्टी बंद करण्यासाठी यंत्राचा आवाज कमी करून ठेवणे हा उपाय नाही.
- पावसाळ्यात आणि कोकणात दमट हवेने यंत्र बिघडते. रात्री ते ओलावा शोषणाऱ्या पुडीसोबत घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावे.

सेल मुलांच्या हाती लागू देऊ नये. मुलाने सेल गिळला तर वाट न पाहता थेट रुग्णालयात न्यावे, कारण त्याने काही तासांत अन्ननलिका जळू शकते. कान फुटला असेल तर कोमट तेल, रस वगैरे काही घालू नये. डॉक्टरांना दाखवावे.

यंत्र तपासून झाले की मुलाचे ऐकणे तपासायचे. यासाठी डॅनियल लिंग या श्रवण-शिक्षणतज्ज्ञाने सुचवलेली सहा ध्वनींची चाचणी जगभर वापरली जाते. ते सहा ध्वनी म्हणजे आ, ऊ, ई, म्, श्, स्. यांत खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत बोलण्याचा सगळा पल्ला येतो. मुलाच्या मागे किंवा बाजूला बसावे, म्हणजे ओठ दिसणार नाहीत आणि श्वास अंगाला लागणार नाही. नेहमीच्या आवाजात एकेक ध्वनी म्हणावा. ऐकू आले की मूल डब्यात एक खडा टाकते. दोन ध्वनींमधले अंतर सारखे ठेवू नये, नाहीतर मूल अंदाजाने खडे टाकते. कालपर्यंत "स्" ऐकणाऱ्या मुलाला आज तो ऐकू आला नाही, तर यंत्रात किंवा कानात काही बिघाड आहे हे त्याच दिवशी कळते.

शिकण्याच्या चार पायऱ्या

श्रवण प्रशिक्षणात चार पायऱ्या मानतात.

पहिली, आवाज आहे की नाही हे कळणे. दुसरी, दोन आवाज सारखे की वेगळे हे कळणे. तिसरी, आवाज कशाचा हे ओळखणे. चौथी, त्याचा अर्थ समजून त्याप्रमाणे वागणे. कुकरचे उदाहरण घेऊ. काहीतरी वाजले हे कळले ही पहिली पायरी. हा आवाज दाराच्या कडीपेक्षा वेगळा आहे, ही दुसरी. ही कुकरची शिट्टी आहे, ही तिसरी. "तीन शिट्ट्या झाल्या, आई गॅस बंद कर" असे मुलाने सांगणे किंवा खुणेने दाखवणे, ही चौथी.

घरची माणसे बहुतेक वेळा थेट तिसऱ्या पायरीवर जातात आणि "हा कशाचा आवाज? सांग, सांग" असा धोशा लावतात. मूल गोंधळते आणि यंत्र काढून फेकते. ज्याला आवाज आहे हेच अजून कळत नाही, त्याला तो कशाचा हे विचारण्यात अर्थ नाही.

पहिल्या पायरीसाठी शांतता लागते. टीव्ही बंद करावा, पंखा शक्य असेल तर बंद करावा. आवाज सुरू होणे आणि थांबणे यांतला फरक मुलाला कळायला हवा. मूल ताट वाजते तोपर्यंत नाचते आणि थांबले की थांबते, असा खेळ यासाठी पुरतो. विकतच्या खेळण्यांची गरज नाही. ताट-चमचा, डाळ भरलेली डबी, कुलपाच्या किल्ल्या घरात असतातच.

घरातले आवाज: पद्धत

दिवसभरात आवाज आपोआप होत असतात. ते वापरायचे कसे, याचा क्रम सोपा आहे.

१. आवाज झाला की थांबावे, कानाला बोट लावून "ऐक!" म्हणावे.

२. मुलाला आवाजाच्या जागी न्यावे. कुकर दाखवावा, वाफ दाखवावी. हात लावू द्यायचा नाही, एवढी काळजी घ्यावी.

३. नाव सांगावे, तेही पूर्ण वाक्यात. "कुकरची शिट्टी झाली. भात शिजतोय."

४. शक्य असेल तिथे तो आवाज मुलाला स्वतः करू द्यावा. दाराची कडी वाजवणे, नळ सोडणे-बंद करणे, बेल दाबणे. स्वतःच्या हाताने केलेला आवाज मुलाच्या लवकर लक्षात राहतो.

५. तोच आवाज दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी पुन्हा दाखवावा. काही दिवसांनी आपण न दाखवता थांबून पाहावे. मूल स्वतः कानाला बोट लावून स्वयंपाकघराकडे पाहील, तो दिवस वहीत लिहून ठेवावा.

सुरुवात मोठ्या, स्पष्ट आणि रोज होणाऱ्या आवाजांनी करावी: कुकरची शिट्टी, दाराची कडी, पडलेले ताट, गाडीचा हॉर्न, ढोलकी. मग मधले आवाज: बादलीत पडणारे पाणी, मोबाइलची रिंग, पत्र्यावरचा पाऊस, कोंबड्याचे आरवणे, शेळीचे ओरडणे. शेवटी बारीक आवाज: फोडणी, घड्याळाची टिकटिक, थेंब थेंब गळणारा नळ, झाडूचा आवाज. एका आठवड्यात दोन-तीन आवाज पुरेत. मिक्सर एकदम सुरू झाला तर मूल घाबरते. आधी तो दाखवावा, "आता मोठा आवाज होईल" असे सांगावे, मग सुरू करावा.

मराठीत आवाजांचे शब्द भरपूर आहेत: टपटप, खळखळ, चर्र, खडखड, धाडकन, सळसळ, हम्मा, भूभू. हे शब्द लांबीने आणि लयीने एकमेकांपासून वेगळे असल्याने मुलाला ते आधी ओळखता येतात. आजीला ते सगळे पाठ असतात, म्हणून या कामात आजीला जरूर घ्यावे. पण तिथेच थांबू नये. "भूभू" नंतर "कुत्रा भुंकतोय" हे वाक्यही मुलाच्या कानी पडायला हवे.

अंतर हा फार महत्त्वाचा मुद्दा आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने कमी होतो. यंत्र लावलेल्या मुलाला एक-दीड मीटरच्या आत बोललेले सर्वांत नीट कळते. दुसऱ्या खोलीतून ओरडण्यापेक्षा जवळ जाऊन नेहमीच्या आवाजात बोलावे. ओरडल्याने शब्द फाटतात आणि चेहऱ्यावरचा भाव रागाचा होतो.

कॉक्लियर इम्प्लांट झालेल्या मुलांसाठीही हीच पद्धत आहे. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी बाहेरचे यंत्र सुरू केले जाते. त्या दिवशी मूल हसेलच असे नाही. काही मुले रडतात, काही काहीच प्रतिसाद देत नाहीत. त्या दिवसापासून मुलाचे "श्रवण वय" मोजायचे. चार वर्षांच्या मुलाचे श्रवण वय सहा महिने असेल, तर त्याच्याकडून सहा महिन्यांच्या बाळाएवढ्याच ऐकण्याची अपेक्षा करावी.

रस्त्यावरचे आवाज

यंत्र असले तरी रस्त्यावर मुलाच्या कानांवर विसंबू नये. आवाज कोणत्या दिशेने आला हे कळायला दोन्ही कान लागतात. एकाच कानात यंत्र असलेल्या मुलाला हॉर्न ऐकू येतो, पण गाडी उजवीकडून येते की डावीकडून, हे कळत नाही. म्हणून "हॉर्न ऐकला की थांब, दोन्हीकडे बघ, मग चाल" हे तिन्ही एकत्र शिकवावे. रेल्वे फाटक, एसटी स्टँड, मागे येणारा ट्रॅक्टर हे प्रत्यक्ष जागेवर नेऊन दाखवावे.

जयंतीच्या मिरवणुकीत किंवा लग्नाच्या वरातीत अशा मुलाला डीजेच्या स्पीकरजवळ उभे करू नये. "त्याला कुठे ऐकू येते" असे म्हणून अनेक जण नेमके हेच करतात. यंत्र काढून ठेवले तरी मोठ्या आवाजाने त्याची उरलेली श्रवणशक्ती कमी होऊ शकते. चांगले ऐकू येणाऱ्या मुलांनाही हा धोका आहेच.

खुणांची भाषा म्हणजे हार नव्हे

काही मुलांना चांगले यंत्र आणि भरपूर सराव असूनही आवाजाचा फारसा उपयोग होत नाही. काहींना यंत्रच उशिरा मिळते. "खुणा शिकवल्या तर तो बोलणार नाही" या भीतीने घरचे खुणा बंद करतात आणि मूल पाच-सहा वर्षांचे होईपर्यंत कोणत्याच भाषेविना राहते. हे नुकसान न ऐकू येण्यापेक्षा मोठे आहे. पोट दुखते, भीती वाटते, शाळेत कोणी मारले, हे सांगायला मुलाला आजच भाषा हवी. भारतीय सांकेतिक भाषा ही स्वतःचे व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे. तिच्यासाठी २०१५ साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. घरात बोलणे आणि खुणा दोन्ही चालू ठेवता येतात.

ज्यांना आवाज पोचत नाही, त्यांनाही आवाजाची माहिती द्यावी. दाराची बेल वाजली की दिवा लागेल अशी जोडणी वायरमन करून देतो. ढोलकीवर हात ठेवला की ताल कळतो. बाळ रडते आहे, पाहुणे आले आहेत, बाहेर ढग गडगडतात, हे खुणेने सांगावे. आजूबाजूला काय चालले आहे हे कळणे हा त्या मुलाचा हक्क आहे.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

आपल्या वस्तीत किंवा गावात असे एक तरी मूल असण्याची शक्यता आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात सुमारे ३ कोटी ४० लाख मुलांना पुनर्वसनाची गरज आहे एवढा श्रवणदोष आहे आणि बालपणातील श्रवणदोषांपैकी सुमारे ६० टक्के टाळता येण्यासारखे असतात. गोवर-रुबेला लस, कान फुटल्यावर वेळेवर उपचार, नवजात बाळाच्या तीव्र काविळीकडे दुर्लक्ष न करणे या गोष्टी घरोघर सांगाव्यात. मामा-भाचीसारख्या जवळच्या नात्यातील लग्नांमुळे आनुवंशिक बहिरेपणाची शक्यता वाढते, हेही स्पष्ट बोलावे.

- मुलाची तपासणी झालेली नसेल तर आशा किंवा अंगणवाडी सेविकेला सोबत घ्यावे. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते.
- दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढायला मदत करावी. श्रवणयंत्रासाठी केंद्राची एडिप योजना आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा कायदेशीर हक्क आहे.
- मुंबईत वांद्रे रेक्लेमेशन येथे अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था १९८३ पासून काम करते. तपासणी, यंत्र, वाचा-उपचार आणि पालकांचे मार्गदर्शन तिथे मिळते.
- शाळेत शिक्षकांना भेटावे. मुलाला पुढच्या बाकावर, खिडकी आणि पंख्यापासून दूर बसवावे. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. एवढ्यानेही बराच फरक पडतो.
- यंत्रवाटपाचे शिबिर घेणार असाल तर मुलांची यादी जपून ठेवा आणि पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या महिन्यात घरी जा. सेल आहेत का, मोल्ड बसतो का, आईला पद्धत कळली का, हे विचारा. एखाद्या संध्याकाळी विहारात किंवा अभ्यासिकेत अशा दोन-चार घरांच्या आयांना एकत्र बसवले, तर त्या एकमेकींना बरेच काही सांगतात.

शिबिराचा अहवाल लिहिताना किती यंत्रे वाटली हा आकडा आपण लिहितोच. सहा महिन्यांनी त्यांतली किती यंत्रे मुलांच्या कानांत आहेत, हा आकडाही त्याखाली लिहायला सुरुवात करू या.